वनस्पती तेलापासून जैवविघटनशील प्लास्टिक : जिवाणूंकडून पीएचबी तयार करून घेण्याची प्रयोगशाळेतील पद्धत

जिवाणूंकडून प्लास्टिक तयार करून घेण्याचे प्रयोग आपल्याकडील महाविद्यालयांत बहुधा साखरेवर किंवा मळीवर केले जातात. तेलावर हाच प्रयोग करू पाहणारे विद्यार्थी मात्र सुरुवातीलाच अडखळतात, कारण तेल पाण्यात मिसळत नाही, तेलाच्या थेंबांमुळे माध्यमाची, म्हणजे जिवाणू ज्या द्रवात वाढतात त्याची, प्रकाशघनता (गढूळपणाचे मोजमाप) भरवशाने मोजता येत नाही, आणि पेशींचे म्हणून जे वजन वहीत नोंदवले जाते त्यात न वापरलेल्या तेलाचाही वाटा असतो. या तिन्ही अडचणींवर साधे उपाय आहेत. ते नीट पाळले तर साखरेपेक्षा तेलाचा उतारा, म्हणजे दर ग्रॅम खाद्यामागे मिळणारे प्लास्टिक, जवळजवळ दुप्पट मिळतो. पदव्युत्तर स्तरावरील सूक्ष्मजीवशास्त्राच्या किंवा जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याला शेकर, ऑटोक्लेव्ह, सेंट्रिफ्यूज आणि फ्यूम हूड एवढी साधने हाताशी असताना हा प्रयोग कसा करता येईल, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

जिवाणू हे प्लास्टिक का तयार करतो

मॉरिस लेम्वान या फ्रेंच संशोधकाने १९२६ साली पाश्चर संस्थेत बॅसिलस मेगाटेरियम या जिवाणूच्या पेशींतून पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट, म्हणजे पीएचबी, हे बहुवारिक (पॉलिमर) वेगळे केले. पीएचबी ज्या मोठ्या कुळात मोडते त्याला पॉलिहायड्रॉक्सिअल्कनोएट किंवा थोडक्यात पीएचए म्हणतात. ही सर्व पॉलिएस्टर आहेत. कार्बन भरपूर आहे, पण नत्र किंवा स्फुरद संपल्यामुळे नवीन पेशी घडवता येत नाहीत, अशा स्थितीत जिवाणू आपल्या शरीरातील चरबीप्रमाणे या बहुवारिकाचा साठा करतो. तो पेशीच्या आत साधारण ०.२ ते ०.५ मायक्रोमीटर आकाराच्या कणांच्या रूपात असतो, आणि परिस्थिती अनुकूल असेल तर पेशीच्या शुष्क वजनाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग तोच व्यापतो. पुढील सर्व कृती या एका गोष्टीवर बेतलेली आहे : आधी जिवाणूला वाढू द्यायचे, मग त्याचा नत्र तोडायचा आणि तेल मात्र चालू ठेवायचे.

तेलाच्या बाबतीत पेशीबाहेर एक पायरी अधिक असते. जिवाणू प्रथम लायपेज हे विकर (एन्झाइम) बाहेर सोडतो, ते तेलाचे मेदाम्ले आणि ग्लिसरॉल यांत विघटन करते. मेदाम्ले पेशीत शिरल्यावर बीटा-ऑक्सिडीकरणाने त्यांचे दोन-दोन कार्बनांचे तुकडे पडतात, ते असिटाइल-कोएन्झाइम-ए. असे दोन तुकडे जोडणारे, जोडलेल्या रेणूचे क्षपण (रिडक्शन) करणारे आणि त्यांची साखळी गुंफणारे अशी तीन विकरे मिळून पीएचबी तयार होते.

उताऱ्याचा हिशेब येथेच करून ठेवावा. अठरा कार्बनांच्या एका मेदाम्लापासून असिटाइल-कोएन्झाइम-एचे नऊ रेणू मिळतात. पीएचबीच्या एका एककाला दोन लागतात आणि त्या एककाचा रेणुभार ८६ असतो. ओलेइक आम्लाचा रेणुभार २८२ धरला, तर कागदावर एक ग्रॅम आम्लापासून सुमारे १.३७ ग्रॅम पीएचबी निघते. साखरेच्या १८० रेणुभारापासून मात्र एकच एकक, म्हणजे एका ग्रॅमला ०.४८ ग्रॅम, कारण साखरेतील एक तृतीयांश कार्बन वाटेतच कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. प्रत्यक्षात पेशीच्या वाढीसाठी आणि ऊर्जेसाठी खर्च होतोच, त्यामुळे साखरेवर साधारण ०.३ ते ०.४ आणि तेलावर ०.७ ते ०.८ ग्रॅम पीएचबी पदरात पडते. जपानमध्ये योशिहारू दोई यांच्या गटाने २००४ साली सोयाबीन तेलावर प्रतिलिटर ११८ ते १२६ ग्रॅम शुष्क पेशी, त्यांत ७२ ते ७६ टक्के बहुवारिक आणि प्रतिग्रॅम तेलामागे ०.७२ ते ०.७६ ग्रॅम उतारा मिळवून दाखवला. तो फर्मेंटरमधील प्रयोग होता. फ्लास्कमध्ये पेशींची एवढी घनता मिळणार नाही, उताऱ्याचे प्रमाण मात्र त्याच्या जवळपास नेण्याचा प्रयत्न अवश्य करावा.

कोणता जिवाणू घ्यावा

पहिल्या प्रयोगासाठी क्युप्रियाविडस नेकेटर, वाण एच१६, याला पर्याय शोधत बसू नये. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे मिळालेला हा वाण रोगकारक नाही, स्वतःचे लायपेज बाहेर सोडतो, आणि त्याच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा २००६ साली प्रसिद्ध झालेला आहे. या जिवाणूचे नाव अनेकदा बदलले आहे. जुन्या लेखांत आणि काही संग्रहांच्या सूचीत तो अल्कॅलिजिनिस युट्रोफस किंवा राल्स्टोनिया युट्रोफा या नावाने आढळतो, म्हणून शोध घेताना तिन्ही नावांनी घ्यावा. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आणि राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र, तसेच चंदीगडचा एमटीसीसी संग्रह येथे चौकशी करावी. मागणी महाविद्यालयाच्या पत्रावर, वाणाचा पूर्ण क्रमांक लिहून करावी, कारण ‘पीएचबी बनवणारा कोणताही जिवाणू’ मागवला की पुढे निष्कर्षांची तुलना कोणाशीच करता येत नाही.

एच१६ हा वाण ग्लुकोजवर वाढत नाही, फ्रुक्टोजवर वाढतो. तुलनेसाठी साखरेचा फ्लास्क ठेवायचा असेल तर त्यात फ्रुक्टोजच घालावे. हे ठाऊक नसल्यामुळे ग्लुकोज घातलेला फ्लास्क दिवसेंदिवस स्वच्छ राहतो आणि दोष बीजसंवर्धाला (सुरुवातीला सोडलेल्या पेशींना) दिला जातो.

सुडोमोनस पुटिडा हा दुसरा लोकप्रिय जिवाणू तेलातून मध्यम लांबीच्या साखळीच्या एककांची, मऊ आणि रबरासारखी पीएचए बनवतो. मात्र त्याचा नेहमी वापरला जाणारा वाण तेलाचे विघटन करणारे लायपेज बाहेर सोडत नाही, त्यामुळे तेलाचे आधी कॉस्टिकने साबणीकरण करून मेदाम्ले द्यावी लागतात. सुडोमोनस एरुजिनोसा तेल उत्तम पचवतो, परंतु तो रोगकारक आहे. विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत त्याचे मोठे संवर्ध वाढवणे मला मान्य नाही.

कोणते तेल घ्यावे

सोयाबीन, सरकी, सूर्यफूल, पामोलीन, शेंगदाणा, यांपैकी कोणतेही शुद्ध खाद्यतेल चालते. पद्धत हाताखाली बसवताना बाजारातील पॅकबंद रिफाइंड सोयाबीन तेलच घ्यावे, म्हणजे तेलातील अज्ञात घटकांची शंका राहत नाही. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठते, म्हणून ते वापरताना आधी कोमट करून घ्यावे.

पद्धत बसल्यानंतर मात्र खाद्यतेलाकडून टाकाऊ तेलाकडे वळलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. ते जिवाणूंना घालून पिशव्या बनवण्याचे समर्थन करणे अवघड आहे. तळणीचे वापरलेले तेल हा त्यावरचा सर्वांत चांगला मार्ग होय. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा वाढले की ते तेल खाण्यासाठी वापरण्यास मनाई केली आहे. त्यामुळे फरसाण आणि वेफर्सचे कारखाने, वसतिगृहांच्या खानावळी आणि उपाहारगृहे यांच्याकडे असे तेल जमा होते. जिवाणूला ते जड जात नाही, उलट तळताना सुटी झालेली मेदाम्ले पायस (पाण्यात तेलाच्या बारीक थेंबांचे दुधाळ मिश्रण, इमल्शन) टिकायला मदत करतात. तेल रात्रभर स्थिर ठेवावे, वरचे निवळ तेल मलमलच्या कापडातून आणि नंतर गाळणकागदातून गाळावे, आणि मिठाचा अंश काढण्यासाठी गरम पाण्याने एकदा धुऊन पाणी पूर्ण वेगळे करावे. त्याचे आम्लमूल्य (सुट्या मेदाम्लांचे प्रमाण दाखवणारा आकडा) मोजून वहीत लिहावे, कारण पुढच्या खेपेचे तेल वेगळे असणार आहे आणि निष्कर्ष बदलले तर कारण याच आकड्यात सापडते.

तेल शुद्धीकरण कारखान्यांत उरणारे अ‍ॅसिड ऑइल हाही स्वस्त आणि चांगला पर्याय आहे. करंज आणि कडुनिंब यांच्या तेलांत मात्र सूक्ष्मजीवांच्या वाढीला अडथळा आणू शकणारी द्रव्ये असतात, म्हणून ती थेट मोठ्या फ्लास्कमध्ये न घालता आधी कमी प्रमाणात वाढ तपासून पाहावी.

नत्र आणि तेल यांचे प्रमाण आधी कागदावर ठरवावे

किती तेल आणि किती अमोनियम क्लोराइड घालायचे, हे प्रयोगाआधीच हिशेबाने ठरते. अमोनियम क्लोराइडमध्ये वजनाने सुमारे २६ टक्के नत्र असतो. पीएचबी वगळून उरणाऱ्या पेशीच्या शुष्क वजनात नत्र साधारण १२ ते १४ टक्के धरता येतो. म्हणजे प्रतिलिटर १ ग्रॅम अमोनियम क्लोराइड दिले तर ०.२६ ग्रॅम नत्र मिळतो आणि त्यातून सुमारे २ ग्रॅम पेशीद्रव्य तयार होऊ शकते. या पेशींत पीएचबीचे प्रमाण ७५ टक्क्यांपर्यंत पोहोचले तर एकूण शुष्क वजन ८ ग्रॅम होईल आणि त्यात ६ ग्रॅम पीएचबी असेल. त्यासाठी ०.७२ च्या उताऱ्याने सुमारे सव्वाआठ ग्रॅम तेल लागेल. म्हणून प्रतिलिटर १ ग्रॅम अमोनियम क्लोराइडमागे १० ग्रॅम तेल हे पहिल्या प्रयोगासाठी योग्य प्रमाण आहे.

पुष्कळ लेखांत प्रतिलिटर २० ग्रॅम तेल दिलेले आढळते. तेवढे घातले तर नत्र संपल्यावर निम्मे तेल तसेच उरते आणि पेशी धुताना त्रास देते. अमोनियम क्लोराइड दुप्पट केल्याशिवाय तेल दुप्पट करू नये, आणि दोन्ही वाढवले तर फ्लास्कमधील प्राणवायू पुरेल का याचा विचार करावा.

माध्यम

एक लिटर माध्यमासाठी मोनोसोडियम फॉस्फेट ४ ग्रॅम, डायसोडियम फॉस्फेट ४.६ ग्रॅम, पोटॅशियम सल्फेट ०.४५ ग्रॅम आणि अमोनियम क्लोराइड १ ग्रॅम घ्यावे. मॅग्नेशियम सल्फेट ०.३९ ग्रॅम आणि कॅल्शियम क्लोराइड ०.०६२ ग्रॅम ही द्रावणे वेगवेगळ्या बाटल्यांत निर्जंतुक करून, मुख्य माध्यम थंड झाल्यावर मिसळावीत. एकत्र ऑटोक्लेव्ह केल्यास फॉस्फेटचा पांढरा साका बसतो आणि मॅग्नेशियम जिवाणूला मिळत नाही. कॅल्शियमची मात्रा मुद्दाम अल्प ठेवलेली आहे, कारण मेदाम्लांशी त्याचा संयोग होऊन न विरघळणारा साबण बनतो आणि तो फ्लास्कच्या कडेला चिकटतो. येथे दिलेली सर्व वजने निर्जल क्षारांची आहेत. बाटलीवर स्फटिकजल असलेला क्षार लिहिला असेल तर त्या प्रमाणात वजन वाढवून घ्यावे.

सूक्ष्म मूलद्रव्यांचे द्रावण वेगळे तयार करून ठेवावे. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाच्या एक लिटरमध्ये फेरस सल्फेट १५ ग्रॅम, मँगनीज सल्फेट २.४ ग्रॅम, झिंक सल्फेट २.४ ग्रॅम आणि कॉपर सल्फेट ०.४८ ग्रॅम विरघळवावे, येथे मात्र नेहमीचे स्फटिकरूप क्षार घ्यावेत. या द्रावणाचे १ मिली एका लिटर माध्यमाला पुरते. माध्यमाचा सामू (पीएच) ६.८ ठेवावा. एच१६ वाण जेंटामायसिनला दाद देत नाही, म्हणून प्रतिमिली १० मायक्रोग्रॅम जेंटामायसिन घातल्यास बाहेरच्या बऱ्याचशा जिवाणूंपासून संरक्षण मिळते. तळणीच्या तेलावर काम करताना हे जरूर करावे.

तेलाचे पायस

सगळ्या प्रयोगात सर्वाधिक लक्ष येथे द्यावे. तेल नुसते ओतले तर ते माध्यमावर तरंगते, आणि जिवाणूने पुरेसे लायपेज सोडून तेल फुटू लागेपर्यंत बराच वेळ वाढ जवळजवळ दिसत नाही. शेवटी वाढ होते हे खरे, पण एकाच तेलाचे तीन फ्लास्क तीन वेगवेगळ्या वेळी जागे होतात आणि त्यांची सरासरी काढण्यात अर्थ उरत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील अँथनी सिन्स्की यांच्या प्रयोगशाळेने यावर अरबी डिंकाचा उपाय वापरला. जिवाणूला तो डिंक खाता येत नाही, त्यामुळे कार्बनच्या हिशेबात घोळ होत नाही, आणि तेलाचे थेंब इतके बारीक राहतात की लगेच वापरता येतात.

अंतिम माध्यमात डिंकाचे प्रमाण ०.३ टक्के हवे. त्यासाठी दहापट तीव्रतेचे, म्हणजे ३ टक्क्यांचे द्रावण करावे. डिंकाची पूड जोरात ढवळल्या जाणाऱ्या पाण्यात थोडी थोडी सोडावी, एकदम टाकल्यास गोळे होतात. द्रावण सेंट्रिफ्यूज करून तळाचा कचरा टाकून द्यावा. लाडवांसाठी मिळणारा डिंक यासाठी घेऊ नये. बाभळीचा, धावड्याचा किंवा मिश्र असा कोणताही डिंक त्या नावाखाली विकला जातो आणि प्रत्येकाचे गुण निराळे असतात. प्रयोगशाळेच्या रसायन विक्रेत्याकडून अरबी डिंक असे स्पष्ट लिहिलेली पूड घ्यावी.

एका लिटर माध्यमासाठी निवळलेले डिंकाचे द्रावण १०० मिली, पाणी २०० मिली आणि तेल १० ग्रॅम एकत्र घेऊन होमोजिनायझरमध्ये पूर्ण दुधाळ होईपर्यंत घुसळावे. होमोजिनायझर नसेल तर चांगल्या मिक्सरच्या लहान भांड्यात थांबून थांबून घुसळले तरी पहिल्या प्रयोगापुरते चालते. पायस चांगले झाले की नाही हे पाहण्यासाठी त्याचा एक थेंब पाण्याच्या पेल्यात सोडावा : तो धुरासारखा पसरला तर ठीक, पृष्ठभागावर चकचकीत ठिपके दिसले तर पुन्हा घुसळावे. हे पायस १२१ अंशांवर १५ मिनिटे ऑटोक्लेव्ह करावे आणि थंड झाल्यावर पुन्हा हलवून, अधिक तीव्रतेने केलेल्या क्षारद्रावणांत निर्जंतुक स्थितीत मिसळावे. नुसते तेल ऑटोक्लेव्ह करणे व्यर्थ आहे, कारण वाफ तेलात शिरत नाही. तेल एकटेच निर्जंतुक करायचे झाल्यास ओव्हनमध्ये १६० अंशांच्या कोरड्या उष्णतेने दोन तास करावे.

बीजसंवर्ध आणि फ्लास्कमधील वाढ

ताज्या वसाहतीतून पोषक द्रवमाध्यमात जिवाणू रात्रभर ३० अंशांवर वाढवावा. हे माध्यम नत्राने समृद्ध असते. ते जसेच्या तसे ओतले तर वर केलेला नत्राचा हिशेब कोलमडतो, म्हणून पेशी सेंट्रिफ्यूज करून ०.८५ टक्के मिठाच्या निर्जंतुक द्रावणाने दोनदा धुवाव्यात. त्यानंतर सुरुवातीची प्रकाशघनता ०.१ येईल एवढ्या पेशी मुख्य फ्लास्कमध्ये सोडाव्यात. ही प्रकाशघनता धुतलेल्या पेशींच्या द्रावणात मोजून हिशेबाने ठरवावी, पायसात मोजू नये.

२५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिलीपेक्षा जास्त माध्यम घेऊ नये. तेल हे साखरेपेक्षा अधिक क्षपित खाद्य आहे, ते जाळायला प्राणवायू जास्त लागतो, आणि भरलेला फ्लास्क तो पुरवू शकत नाही. शेकर ३० अंशांवर, मिनिटाला २०० फेऱ्यांवर ७२ तास चालवावा. प्रत्येक तेलाचे तीन फ्लास्क, फ्रुक्टोजचे तीन, आणि जिवाणू न घातलेल्या पायसाचा एक, अशी मांडणी करावी. शेवटचा फ्लास्क विद्यार्थी वगळतात, पण पायस आपोआप फुटते का आणि धुण्याच्या पद्धतीत किती तेल मागे राहते, हे त्याच्याशिवाय कळत नाही.

नमुने दर १२ तासांनी घ्यावेत आणि प्रत्येक नमुन्यातील अमोनियाचे प्रमाण मोजावे. अमोनिया संपण्याची वेळ ही प्रयोगातील सर्वांत महत्त्वाची वेळ होय, कारण खरा साठा त्यानंतरच सुरू होतो. त्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास आधी सडपातळ दिसणाऱ्या दंडाकृती पेशी जाडसर होतात आणि त्यांच्या आत प्रकाशाचे वक्रीभवन करणारे चमकदार गोल कण दिसू लागतात. तेल पूर्ण संपल्यावर फ्लास्क शेकरवर ठेवून देऊ नये. जिवाणूकडे स्वतःचे पीएचबी फोडणारी विकरे असतात आणि खाद्य संपले की तो साठा वापरू लागतो.

नाइल रेड किंवा सुदान ब्लॅक या रंगांनी पीएचबीचे कण रंगवण्याची पद्धत सोपी आहे, परंतु हे दोन्ही रंग तेलालाही तितकेच रंगवतात. तेल घातलेल्या आगर बशीवर नाइल रेडमुळे चमकणारी वसाहत दिसली, एवढ्यावरून तिच्यात बहुवारिक आहे असे म्हणता येत नाही. माती किंवा सांडपाणी यांतून नवीन वाण शोधणाऱ्यांनी ही चाचणी फ्रुक्टोज किंवा ग्लुकोनेट असलेल्या, तेल नसलेल्या बशीवर करावी आणि तेलावरचा निष्कर्ष गॅस क्रोमॅटोग्राफीनेच सिद्ध करावा.

पेशी धुणे आणि मोजमाप

वजन करून ठेवलेल्या काचेच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या नळीत १० मिली संवर्ध घ्यावा आणि सेंट्रिफ्यूज करावा. तेल उरले असेल तर वर पांढरट थर दिसतो. तो ओतून देऊ नये, त्यात पेशी अडकलेल्या असतात. मधला द्रव पिपेटने काढून घ्यावा, नळीत ५ मिली थंड पाणी आणि २ मिली हेक्झेन घालून जोरात हलवावे आणि पुन्हा सेंट्रिफ्यूज करावे. पीएचबी हेक्झेनमध्ये विरघळत नाही, तेल विरघळते. वरचा हेक्झेनचा थर वजन केलेल्या काचेच्या कुपीत काढून फ्यूम हूडमध्ये उडू द्यावा, म्हणजे उरलेल्या तेलाचे वजनही मिळते. मधल्या द्रवातही पायसाचा अंश असू शकतो, म्हणून तोही वेगळ्या नळीत हेक्झेनने हलवून त्यातील तेल याच वजनात मिळवावे. उताऱ्याच्या हिशेबात घातलेले तेल न धरता, त्यातून हे उरलेले तेल वजा करून खरोखर वापरलेले तेल धरावे. तळाच्या पेशी लायोफिलायझरमध्ये (गोठवून वाळवणाऱ्या यंत्रात), तो नसल्यास ६० अंशांच्या ओव्हनमध्ये, वजन स्थिर होईपर्यंत वाळवाव्यात. दोन सलग वजने सारखी आल्याशिवाय वाळवण पूर्ण झाली असे समजू नये.

पीएचबीचे प्रमाण मोजण्यासाठी सुमारे १० मिलिग्रॅम कोरड्या पेशी टेफ्लॉन अस्तराचे झाकण असलेल्या जाड काचेच्या नळीत घ्याव्यात. त्यात १ मिली क्लोरोफॉर्म आणि १५ टक्के सल्फ्युरिक आम्ल असलेले १ मिली मिथेनॉल घालून नळी १०० अंशांवर १४० मिनिटे ठेवावी. नळी बर्फात पूर्ण थंड करून मगच उघडावी. अर्धा मिली पाणी घालून हलवल्यावर खालचा क्लोरोफॉर्मचा थर गॅस क्रोमॅटोग्राफवर तपासावा आणि शुद्ध पीएचबीवर हीच क्रिया करून काढलेल्या प्रमाणरेषेशी ताडून पाहावा. पुष्कळ उशिरा येणारी मोठी शिखरे ही सोळा व अठरा कार्बनांच्या मेदाम्लांच्या एस्टरांची असतात. ती ठळक दिसली तर पेशी हेक्झेनने पुन्हा धुवाव्यात. क्रोमॅटोग्राफ नसेल तर तीव्र सल्फ्युरिक आम्लात पीएचबी तापवून तयार होणारे क्रोटोनिक आम्ल २३५ नॅनोमीटरवर मोजण्याची १९६१ पासूनची पद्धत आहे. तेलाचा अंश राहिलेल्या पेशी या आम्लात काळवंडतात आणि आकडा फुगतो, म्हणून ती पद्धत शुद्ध केलेल्या बहुवारिकावर वापरणे अधिक सुरक्षित आहे.

पीएचबी वेगळे करणे

फिल्म बनवण्यासाठी ५०० मिली किंवा अधिक संवर्धातील पेशी वरीलप्रमाणे धुऊन वाळवाव्यात. एक ग्रॅम कोरड्या पेशींना सुमारे १०० मिली क्लोरोफॉर्म घेऊन परतवाही संघनकाखाली (रिफ्लक्स कंडेन्सर) ६० अंशांवर काही तास ढवळावे. द्रावण थंड करून गाळावे, त्याचे आकारमान एक पंचमांशापर्यंत कमी करावे आणि ढवळत्या, बर्फासारख्या थंड मिथेनॉलच्या दहापट आकारमानात बारीक धारेने सोडावे. पीएचबीचे पांढरे तंतुमय पुंजके लगेच दिसू लागतात. त्याच वेळी पेशींतील उरलासुरला मेद मिथेनॉलमध्ये जातो. पुंजके गाळून, मिथेनॉलने धुऊन वाळवावेत.

ही सर्व कृती फ्यूम हूडमध्येच करावी. क्लोरोफॉर्मचा कचरा वेगळ्या, नाव लिहिलेल्या बाटलीत जमा करावा आणि तिच्यात अ‍ॅसिटोन व अल्कली कधीही मिसळू नये, कारण त्यांची अभिक्रिया तीव्र उष्णता देते. सोडियम हायपोक्लोराइटने पेशी विरघळवण्याची स्वस्त पद्धत पुष्कळांना आकर्षक वाटते, परंतु तिने बहुवारिकाच्या साखळ्या तुटतात आणि फिल्म अधिकच कमकुवत निघते. ती वापरायचीच असेल तर त्या द्रावणाजवळ आम्ल येऊ देऊ नये, क्लोरीन वायू सुटतो. मलेशियातील सायन्स विद्यापीठात कुमार सुदेश यांच्या गटाने रसायने टाळण्यासाठी वेगळाच मार्ग चोखाळला आहे : पाम तेलावर वाढवलेल्या कोरड्या पेशी त्यांनी मीलवर्म या अळ्यांना खाऊ घातल्या. अळ्यांनी प्रथिने पचवली आणि बहुवारिकाचे कण विष्ठेतून जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडले.

लहान फर्मेंटरमध्ये नेताना

फ्लास्कमधील आकडे तीन वेळा जुळल्यानंतरच फर्मेंटरकडे वळावे. येथे सामू राखण्यासाठी अल्कली म्हणून अमोनियाचे द्रावण जोडले की एकाच नळीने दोन कामे होतात : सामू स्थिर राहतो आणि वाढीच्या प्रमाणात नत्र मिळत जातो. पेशींची हवी तेवढी घनता झाली की अमोनियाची बाटली काढून पोटॅशियम हायड्रॉक्साइडची लावावी. साठ्याचा टप्पा त्या क्षणापासून आपल्या हातात येतो. विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण ३० ते ४० टक्क्यांखाली जाऊ देऊ नये. प्राणवायू मोजणाऱ्या प्रोबवर तेलाचा पातळ थर बसतो आणि आकडा हळूहळू सरकतो, म्हणून प्रोबचे मापांकन प्रत्येक फेरीआधी करावे. तेलामुळे फेस बसतो, असे साखरेच्या फर्मेंटरवर काम केलेले लोक सांगतात आणि ते खरेही आहे, परंतु तेलातून सुटलेली मेदाम्ले साबणासारखी वागतात आणि डिंक फेसाला टिकाव देतो. भांडे निम्म्यापेक्षा थोडेच अधिक भरावे आणि फेसरोधक सुरुवातीपासून हाताशी ठेवावे. सुरुवातीची मात्रा पायस करून द्यावी, त्यानंतरचे तेल मात्र नुसते सोडले तरी चालते, कारण तोपर्यंत माध्यमात पुरेसे लायपेज जमलेले असते.

फिल्म आणि तिची मर्यादा

शुद्ध पीएचबी क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून काचेच्या बशीत ओतले आणि झाकण किंचित उघडे ठेवून सावकाश वाळू दिले की फिल्म मिळते. प्लास्टिकच्या बश्या क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतात, त्या वापरू नयेत. आधी बऱ्यापैकी वाकणारी ही फिल्म काही दिवसांत ठिसूळ होते, कारण खोलीच्या तापमानालाही तिचे स्फटिकीकरण चालू राहते. पीएचबी १७५ ते १८० अंशांच्या आसपास वितळते आणि त्याहून फारसे वर नेले की त्याच्या साखळ्या तुटू लागतात, त्यामुळे साच्यात ओतण्यासाठी तापमानाची जागा अरुंद राहते. जपानच्या कानेका कंपनीने याच कारणासाठी क्युप्रियाविडसमध्ये एरोमोनस कॅव्हिए या जिवाणूचे विकर बसवून वनस्पती तेलापासून सहा कार्बनांची एककेही मिसळलेले, अधिक लवचीक बहुवारिक तयार केले. त्याचा वर्षाला ५,००० टन क्षमतेचा प्रकल्प ताकासागो येथे २०१९ च्या अखेरीस पूर्ण झाला. विद्यार्थ्याने आपल्या फिल्मपासून पिशवीची अपेक्षा ठेवू नये. तिच्यावर अवरक्त वर्णपटातील प्रतिसेंटिमीटर १,७२० च्या आसपासचा एस्टरचा पट्टा आणि वितळबिंदू एवढे दाखवता आले की पदार्थाची ओळख पटते. बाजारात कंपोस्टयोग्य म्हणून काही विकायचे असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. त्या वाटेला प्रयोगशाळेतील फिल्मच्या बळावर जाता येत नाही.

विघटनाची चाचणी मात्र महाविद्यालयातही नीट होऊ शकते. फिल्मचे सारख्या आकाराचे तुकडे वजन करून नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत घालावेत आणि बागेतल्या ओलसर, न तापवलेल्या मातीत बोटभर खोलीवर पुरावेत. शेजारी त्याच जाडीचे पॉलिथिनचे तुकडे, आणि दुसऱ्या कुंडीत ऑटोक्लेव्ह केलेल्या मातीत पीएचबीचे तुकडे ठेवावेत, कारण वजन जिवाणूंमुळे घटले की फिल्म नुसती ठिसूळ होऊन मोडली, हे या दुसऱ्या कुंडीशी तुलना केल्याशिवाय ठरवता येत नाही. दर आठवड्याला प्रत्येक प्रकारची एक पिशवी काढावी, माती मऊ कुंचल्याने पाण्याखाली झाडून तुकडे वाळवावेत आणि त्यांचे वजन, पृष्ठभागावर पडलेले खळगे, तसेच त्या दिवशीचे मातीचे तापमान आणि ओलावा यांची नोंद एकाच तक्त्यात करावी.